आमच्या माडीवरचं मेटल आणि कसोटीचा दगड



गेले काही महिने इथे आपल्या दाजीबानपेठेवर खूप छान लिहून येतंय. तुळजाभवानीच्या देवळातलं नवरात्र, सराफांची दुकानं, दुर्गदबैलातलं गिरमिट आणि मिरची भजी, सगळं वाचलं आणि दोनदा तरी गळा भरून आला. माझी आठवण जरा वेगळी आहे. आमच्या पेठेत २००९ ते २०११ या काळात हेवी मेटलची चार गाणी रेकॉर्ड झाली आणि गल्लीत कुणाला त्याचा पत्ता लागला नाही. कसा लागणार? आवाज कधी खोलीबाहेर गेलाच नाही. या गोष्टीत माझी एक चूक आहे. ती बारा वर्षं मी लपवून ठेवली होती. आता ज्याची माफी मागायची होती त्याची मागून झाली आहे, म्हणून लिहितोय. त्याची परवानगी घेतली आहे, नाव मात्र घालत नाही.

तेव्हा गाव हुबळीच होतं, कागदोपत्री हुब्बळ्ळी झालं ते २०१४ च्या १ नोव्हेंबरला. आमचं घर जुनं, खाली दुकानाची खोली आणि वर माडी. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, शेजारी एसएसके समाजाची घरं आणि त्यांची आपसातली बोली निराळी. माझा दोस्त शेजारच्याच गल्लीतला, घरचं सराफी दुकान. आमचं दोघांचं बोलणं म्हणजे तिन्ही भाषांची मिसळ. तो गिटार वाजवायचा, खरंच वाजवायचा. मी बेस धरायचो आणि कॉम्प्युटर सांभाळायचो. ड्रमर नव्हता, ते काम सॉफ्टवेअरकडे. स्वीडनच्या मेशुगा बँडने २००५ च्या 'कॅच थर्टीथ्री' अल्बमला ड्रम प्रोग्रॅम करूनच वापरले होते, हे कळल्यावर आम्हाला केवढा धीर आला होता!

ज्यांना या संगीताची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गिटारच्या पिकअपमधून येणारा सिग्नल अगदी क्षीण असतो. ॲम्प त्याला इतका फुगवतो की लाटेची डोकी कापली जातात, आणि मूळ स्वरावर नव्या उपस्वरांची गर्दी उगवते. त्यालाच डिस्टॉर्शन म्हणतात. मेटलमध्ये हा आवाज जाडजूड तर हवाच, पण तळहाताने तारा दाबून वाजवलेला प्रत्येक ठोका सुटा ऐकू यायला हवा. जगभरच्या रेकॉर्डवर हा आवाज ज्या मोजक्या यंत्रांमुळे आला, त्यातलं एक म्हणजे एडी व्हॅन हेलनसोबत काढलेला १९९२ चा पीव्ही ५१५०. तो १२० वॅटचा, व्हॉल्व्हवर चालणारा. त्याला जोडायचं चार बारा-इंची स्पीकरांचं खोकं, आणि खोक्यापुढे एक साधा मायक्रोफोन, बहुतेक वेळा शुअर एसएम५७.

आता १२० वॅटचं हे धूड आमच्या माडीवर लावायचं म्हणजे भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं देवघर! शिवाय विकत घेणं सोडा, आम्ही दोघांनी असा ॲम्प डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता.

मग राहिलं काय, तर नक्कल. ही कल्पना काही आमच्या पिढीची नव्हे. १९८९ मध्ये सॅन्सॲम्प नावाची छोटी पेटी आली. ॲम्प न लावता ती गिटार थेट मिक्सरला जोडून देई. १९९८ मध्ये लाईन सिक्स कंपनीचा लाल, घेवड्याच्या दाण्यासारखा दिसणारा पॉड आला. नंतर हे सगळं कॉम्प्युटरच्या आत शिरलं, २००२ मध्ये ॲम्प्लिट्यूब आणि २००४ मध्ये गिटार रिग. आमच्या उपयोगाची खरी गंगा आली ती २०१० च्या आसपास, काही हौशी प्रोग्रॅमरांनी फुकट वाटलेल्या प्लगिनांतून. आलँ पुलँ यांची 'लेपू' मालिका होती. त्यातला लेक्टो म्हणजे अमेरिकन मेसा रेक्टिफायरची नक्कल, तर एलई४५६ हा जर्मन एंगल ॲम्पच्या वळणाचा. टीएसईचा एक्स५० हा सरळसरळ ५१५० चा अवतार. इंटरनेट कॅफेत पेन ड्राइव्ह भरायचा आणि पळत माडीवर यायचं.

पहिल्या रात्रीचा आवाज आजही कानात आहे. डब्यात भुंगा कोंडावा तसा. दोस्त म्हणाला, "हे काय करालास ले, मिक्सर चालू केलास काय?" आठवडाभराने कळलं की आम्ही फक्त ॲम्प लावला होता, स्पीकरचं खोकं लावलंच नव्हतं. बारा इंची गिटार-स्पीकर पाच-सहा हजार हर्ट्झच्या वरचा बराचसा आवाज गिळून टाकतो, म्हणून तर तो कानाला सोसतो. त्या खोक्याचा आणि मायक्रोफोनचा ठसा एका छोट्या ध्वनिफायलीत साठवलेला मिळतो, त्याला इम्पल्स म्हणतात. तो लावल्याबरोबर भुंगा गेला आणि गिटार आली. दोघं एकमेकांकडे बघून हसत सुटलो.

दुसरी अडचण म्हणजे उशीर. आमचा सेकंडहँड कॉम्प्युटर दमेकरी. बफर ५१२ सॅम्पलच्या खाली नेला की चरचर सुरू. ५१२ म्हणजे जवळजवळ १२ मिलिसेकंद, म्हणजे आवाजाच्या वेगाने चार मीटर. तेही फक्त एका बाजूचं, जाऊन-येऊन त्याच्या दुप्पट. तार छेडायची आणि आठ मीटर लांबच्या स्पीकरमधून ऐकायची, असा तो प्रकार. दोस्ताने त्यावर उपाय काढला. वाजवताना प्लगिन बंद, कोरा सिग्नल हेडफोनवर ऐकत वाजवायचं आणि आवाज नंतर चढवायचा. कोरी गिटार किती केविलवाणी वाजते ते ज्याने ऐकलंय त्यालाच कळेल. पण त्यामुळे त्याचा हात इतका साफ झाला की काय सांगू.

आणि मग सुरू झालं ते वेड: कुठला प्लगिन चांगला? रोज रात्री तुलना, आणि रोज वेगळा विजेता. सोमवारी लेक्टो, मंगळवारी एक्स५०, बुधवारी पुन्हा पहिल्यापासून. तीन महिने गेले, गाणं एक पण पुढे सरकेना. शेवटी एका दुपारी दोस्ताने मला दुकानात बसवलं आणि म्हणाला, "बाबा कस कसा लावतात बघ जरा."

आपल्या पेठेत वाढलेल्यांना हे नवीन नाही. काळा कसोटीचा दगड. गिऱ्हाइकाचा दागिना त्यावर घासून एक रेघ ओढायची. तिच्या शेजारी माहितीच्या कॅरेटच्या सुईची रेघ. मग दोन्हींवर तेजाबाचा थेंब, आणि रंग बघायचा. त्याचे बाबा म्हणाले होते, "दोन्ही रेघा सारख्या दाबाने ओढायच्या. जाड रेघ नेहमीच जास्त पिवळी दिसते, पोरा."

आमची नेमकी तीच चूक होत होती. ज्या प्लगिनचा आवाज जरासा मोठा, तोच आम्हाला भारी वाटायचा. आवाज वाढला की कानाला खर्ज आणि तीक्ष्ण स्वर दोन्ही जास्त भरल्यासारखे वाटतात, हा माणसाच्या कानाचा धर्मच आहे. शिवाय प्रत्येक प्लगिनसाठी आम्ही नव्याने वाजवत होतो, म्हणजे दर वेळी दागिनाच बदलत होतो!

त्या रात्री नियम ठरले. एकच कोरा तुकडा, एकदाच वाजवलेला. तोच प्रत्येक प्लगिनमधून जाणार. इम्पल्स सगळ्यांना एकच. आवाजाची पातळी मोजून सारखी. शेजारी एक पक्की रेघ हवी म्हणून आवडत्या रेकॉर्डचा तुकडा, तोही त्याच पातळीवर. आणि ऐकणारा भिंतीकडे तोंड करून बसणार, त्याला फक्त अ, ब, क, ड. ज्या प्लगिनसाठी मी महिनाभर भांडलो होतो त्याला मी स्वतः तिसरा नंबर दिला. दोस्त इतका हसला की खालून बाबांनी काठी आपटली.

त्या पंधरवड्यात जे उमगलं ते आजही खरं आहे, म्हणून लिहून ठेवतो. एक: ॲम्पची नक्कल बदलून जेवढा फरक पडतो, त्याहून जास्त फरक इम्पल्स बदलून पडतो. आम्ही तीन महिने चुकीच्या गोष्टीवर भांडत होतो. दोन: गेन जेवढा हवासा वाटतो त्यापेक्षा कमी ठेवावा. मेटलमध्ये तोच भाग दोनदा वेगवेगळा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवतात. दोन्हीकडे गेन भरला की नुसता चिखल. तीन: ॲम्पच्या आधी ट्यूब स्क्रीमरची नक्कल लावायची, तिचा ड्राइव्ह शून्यावर आणि लेव्हल पूर्ण. ती खर्ज कापते, मधले स्वर पुढे ढकलते, आणि ठोका घट्ट होतो. चार: एकटी ऐकताना भरदार वाटणारी गिटार बेस आणि ड्रममध्ये घातली की सगळ्यांच्या अंगावर बसते. आमच्या कानाला लेक्टो एकटा राजा वाटायचा, गाण्यात मात्र एक्स५० जागेवर बसायचा. एकटा ऐकला तर तो जरा किरटा. पण खालची जागा बेसची आहे, गिटारने ती सोडायलाच हवी.

इथे आत्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. आत्या किराण्याचं गाणं शिकलेली, घरापुरतं गाणारी. २१ जुलै २००९ ला गंगूबाई हनगल गेल्या, त्या दिवशी ती जेवली नाही. तिचा मिरजेचा तंबोरा तडकला होता, आणि बाबांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला होता. बेंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७९ च्या सुमारास पहिल्यांदा केलेल्या पेटीच्या वंशातला. आत्याने सहा महिने त्याला हात लावला नाही. "त्याला जवारी नाही रे, नुसती भुणभुण आहे." मग एका पहाटे माडीवर मला तिचा सा ऐकू आला, पेटीबरोबर. मी काही बोललो नाही. तीच म्हणाली, "खोटा आहे, पण सुरात आहे. मला गायचंय ना."

पुढे मी तिला आमचे अ, ब, क, ड ऐकवले. मेटल तिला सोसायचं नाहीच. मुंबईच्या एका बँडचं नाव 'भयानक मौत' आहे म्हटल्यावर तिने कानाला हात लावला होता. तरी ऐकलं. एक्स५० वर बोट ठेवून म्हणाली, "यात तार ऐकू येते. बाकीच्यांत नुसती जवारीच आहे." घोडीवर तारेखाली दोरा सरकवून उपस्वर फुलवायचे, पण तार हरवू द्यायची नाही, हे ती आयुष्यभर करत आली होती. आम्हाला पंधरा दिवस लागले ते तिने एका मिनिटात सांगितलं.

चारही गाणी २०११ च्या पावसाळ्यापर्यंत पूर्ण झाली. आणि इथे माझी चूक.

कॉम्प्युटरची हार्ड डिस्क ८० जीबीची, तीही घरात सामायिक. कोऱ्या गिटारचा एक मिनिट म्हणजे जवळजवळ ८ एमबी. दर गाण्यात चार ट्रॅक, दर ट्रॅकचे पंधरा-वीस प्रयत्न. मामेबहिणीच्या लग्नाचं शूटिंग ठेवायला जागा हवी म्हणून बाबा मागे लागले होते. पहिली दोन गाणी 'झालीच आहेत' असं समजून मी त्यांच्या कोऱ्या फायली उडवल्या. चढवलेल्या आवाजाचं पक्कं मिक्स तेवढं ठेवलं. दोस्ताला सांगितलं नाही. तेव्हा वाटलं, सांगण्यासारखं आहे तरी काय? आवाज तर जगात भारी आहे!

३० ऑक्टोबर २०११ ला बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर मेटॅलिका वाजवणार होते. राणी चेन्नम्मा एक्सप्रेसने आम्ही दोघं गेलो. पहिला कॉर्ड वाजला तेव्हा छातीच्या पिंजऱ्यात हवा हलली. परतीच्या गाडीत दोस्त बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आपला आवाज खोटा आहे काय रे?" मला उत्तर सुचलं नाही. आज सुचतं. त्याच मेटॅलिकाने ८ डिसेंबर २०१३ ला अंटार्क्टिकात कार्यक्रम केला तेव्हा बाहेर एकही ॲम्प वाजला नाही, प्रेक्षकांनी सगळं हेडफोनवर ऐकलं. आणि दिल्लीच्या केशव धर यांनी घरच्या खोलीत सुरू केलेला स्कायहार्बर हा प्रकल्प २०१२ मध्ये अल्बम होऊन जगभर गेला. म्हणजे आमच्यासारखे माडीवरचे लोक गावोगावी होते.

पण तोवर आमचं संपलं होतं. २०१२ मध्ये त्याच्या बाबांची तब्येत बिघडली आणि तो दुकानात बसला. गिटार विकली. मी नोकरीला पुण्याला गेलो. भांडण नाही, काही नाही. नवरात्रात भेटायचो, दुकानाच्या बाकावर चहा व्हायचा, गाण्यांचा विषय दोघंही टाळायचो.

प्लगिनांचं जग मात्र थांबलं नाही. इटलीच्या इग्नाइट ॲम्प्सने एमिसरी फुकट वाटला. २०११ मध्ये केम्पर कंपनीची पेटी आली, ती खऱ्या ॲम्पचा ठसाच उचलते. २०१७ मध्ये हेलसिंकीत न्यूरल डीएसपी सुरू झाली. आणि मग स्टीव्हन ॲटकिन्सन यांचा न्यूरल ॲम्प मॉडेलर, खुला आणि फुकट. खऱ्या ॲम्पमधून ठरावीक सिग्नल सोडायचा, बाहेर आलेला आवाज रेकॉर्ड करायचा, आणि आत काय घुसलं नि बाहेर काय पडलं यातलं नातं संगणकाला शिकू द्यायचं. आता कुणाच्याही घरातला ५१५० तुमच्या लॅपटॉपवर.

२०२३ च्या नवरात्रात घरी आलो, माळ्यावरचं सामान काढताना ती जुनी डिस्क सापडली. लावली, आणि चक्क चालली. तिसऱ्या आणि चौथ्या गाण्याच्या कोऱ्या फायली जशाच्या तशा. मी त्या न्यूरल मॉडेलरमधून काढल्या, एका खऱ्या ५१५० च्या ठशावर, नव्या इम्पल्ससह. जुना आवाज शेजारी ठेवला, पातळी सारखी केली, सवयीने भिंतीकडे तोंड करून बसलो. पण इथे चिठ्ठ्यांची गरजच नव्हती. जुन्या आवाजावर कागद फाडल्यासारखी एक चरचर होती, जी तेव्हा आम्हाला ऐकूच आली नव्हती. नव्यात ती नाही. आणि त्याखालून पंचविशीतल्या त्या पोराचा उजवा हात असा स्पष्ट आला, की मी हेडफोन काढून ठेवले.

रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढल्यावर त्याला ऐकवलं. डोळे मिटून ऐकलं त्याने. म्हणाला, "आवाज दुसराच आहे. हात माझाच आहे की ले."

मग त्याने विचारलं, "पहिली दोन?"

सांगितलं. लग्नाचं शूटिंग, ८० जीबी, सगळं. थोडा वेळ त्याने काउंटरवरचा तो काळा दगड नुसता फिरवला. मग म्हणाला, "म्हणजे सोनं वितळवलंस आणि दागिन्याचा फोटो ठेवलास." चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. पहिल्या गाण्यातला सोलो त्याने बाबांच्या आजारपणाआधी वाजवलेला शेवटचा सोलो होता, हे त्याने मला तेव्हा सांगितलं. तो आता कायमचा त्या २०१० च्या चरचरीतच राहणार. जगातला कुठलाही प्लगिन तो सोडवू शकत नाही.

निघताना म्हणाला, "उद्या गिटार बघायला जाऊया काय कोप्पीकर रोडला?" गेलो. घेतली नाही, पण अर्धा तास वाजवत बसला होता. बोटं अडखळत होती, ठोका मात्र तोच.

मंडळी, कुठला प्लगिन सर्वात चांगला हे मला आजही कुणी तरुण मुलं विचारतात. दर दोन वर्षांनी उत्तर बदलतं, म्हणून मी नावं सांगत नाही. सारख्या दाबाने रेघ ओढा, गाण्यात घालून ऐका, आणि कोरी फाईल कधी पुसू नका एवढंच सांगतो. आवाज उद्या याहून चांगला मिळेल, वाजवणारा हात मिळेलच असं नाही.

तुमच्याही घरी आत्याच्या, आजोबांच्या गाण्याच्या कॅसेट, जुन्या डिस्क पडल्या असतील. या दिवाळीत साफसफाई करताना टाकून देण्याआधी एकदा लावून बघा. आणि आपल्या पेठेत त्या काळात आणखी कुणी माडीवर असलं काही करत होतं का, हे जरूर लिहा. मला खात्री आहे, आम्ही एकटे नव्हतो.